सातव्या ओळीतलं नाव

आजी : एकोणीसशे अठ्ठावन्न. तेच साल आहे ना सातव्या ओळीत? तेवढं नाव गिरवू नकोस, पुसून टाक.

रंगारी : अहो आजी, पाद्रीबाबांनी एकेचाळीस नावं सांगितलीत. एक गाळलं तर माझीच बिनपाण्याने करतील. कोण हे तुमचे?

आजी : थोरला भाऊ. दादा.

रंगारी : बुडाले?

आजी : तेच तर! होडी उलटली, तिची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली. आई दारातून हलेना, घास घेईना. प्रेत मिळालं नाही की या चॅपेलच्या भिंतीवर नाव लिहायचं, मग प्रार्थना. घरचे एकदाचे रडून मोकळे होतात. चौथ्या दिवशी मीच त्या वेळच्या रंगाऱ्याला सांगितलं, लिही.

रंगारी : आणि?

आजी : अकराव्या दिवशी दादा चालत आला. कुठल्याशा जहाजाने उचलून लांबच्या बंदरावर उतरवला होता. आईने किंकाळी फोडली. मी दाराकडे धावले आणि आधी त्याचे पाय पाहिले. सुलटे आहेत ना, म्हणून.

रंगारी : बाप रे! त्यांच्या लक्षात आलं?

आजी : आलं. हसला. म्हणाला, "दोन्ही माझेच आहेत गं."

रंगारी : मग तेव्हाच का नाही पुसलंत?

आजी : हात कोण लावणार? लोक म्हणायचे, लिहिलेलं नाव समुद्राचं झालं. पुसलं तर बदल्यात दुसरं माणूस मागेल. दादाला होडीवर कुणी घेईना. आई ताट वाढायची, पण तोंडाकडे बघायची नाही. तो रोज इथे या बाकावर बसून स्वतःचं नाव वाचायचा.

रंगारी : नंतर?

आजी : डोंगरात निघून गेला, समुद्र दिसणार नाही अशा जागी. सुतारकाम केलं, लग्न केलं नाही. आई दोन वर्षांनी गेली. शेवटी त्याच्या नावाने हाका मारत होती. त्या रंगाऱ्याने इथे पुन्हा ब्रश धरला नाही. दादा गेल्या महिन्यात वारला. अंथरुणात, झोपेत.

रंगारी : मग राहू दे की आता. आता तर खरंच गेले ते.

आजी : समुद्राने नाही नेलं रे त्याला.

रंगारी : आणि समुद्राने बदल्यात कुणी मागितलं तर?

आजी : आमच्या घरात मी एकटीच उरलेय. माझं काय घेणार तो?

रंगारी : (चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवत) जागा मोकळी दिसेल. लोक विचारतील.

आजी : विचारू देत. सांग, हा परत आला होता.