वंदनाचे निमुळते आटे

आमच्या गुढियारी मोहल्ल्यात भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं, पण परवा अर्धंच आलं. वंदनाची आई म्हणत होती, "कारखान्यात वंदनाचं मशीन काढून घेतलं अन्..." तेवढ्यात कुकरची शिट्टी! गेली पोरीची नोकरी! मी साखरेसाठी रिकामी वाटी घेऊन पोचलीच.

"काय वं वंदना, तुह्या पाईपाचे जोड अजून गळतेच?"

"आता नाही, काकू! आटे टोकाकडे निमुळते कापा लागते. सीएनसी लेथले, म्हंजे आकड्यावर चालणाऱ्या कातयंत्राले, उताराचा अर्धाच आकडा द्यायचा, कारण उतार दोन्ही बाजूनं पडते; मी पूर्ण देऊन राहिली होती. सायेबानं सुधाराले आजचाच दिवस देला होता. आकडा बदलवला, पाण्याचं प्रेशर सोडलं, एक थेंब नाही गळला!"

"मंग मशीन काहून काढून घेतलं?"

तिनं माझी वाटी शिगोशीग भरली. "घेतलं ना. मोठं देलं!"