मुलीचा तोंडी शेरा

विषय — घरातल्या जुन्या साठवण-पेटीचा, म्हणजे फायली साठवायच्या या छोट्या संगणकाचा, वेग वाढवणे. संदर्भ — मुलीचा फोनवरचा तोंडी शेरा, ‘बाबा, उघडायला फार वेळ लागतो.’ हं, एवढंच सांगायचं होतं, आता काढा तुमचा स्क्रूड्रायव्हर आणि खोला पेटी. हसू नका हो, जन्मभर कचेरीत हेच लिहिलं, जीभ एकदा वळली ती वळलीच. खुर्ची घ्या ना — खालीच बरं वाटतं? बसा, बसा, तुमची मर्जी.

ती खोळ काढायची होय? आमच्या हिनं विणलेली आहे. हिला घरात काही उघडं बघवायचंच नाही — रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, फोनला खोळ — मी तेवढा थोडक्यात वाचलो. ही गेली, त्याआधी रेडिओही गेला, खोळ रिकामी पडली होती, आणि या पेटीला अशी बसली की माप घेऊन विणली म्हणावं. काय म्हणता? हवा कोंडते? म्हणून तापते, आणि तापली की आपोआप मंद होते? अरे देवा! आणि मी रोज वरून हात लावून बघायचो — म्हटलं ऊब आहे, म्हणजे काम चाललंय. दर महिन्याला कुणाला तरी बोलावून रॅम वाढवली, केबल बदलली, पंखा नवा बसवला — दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

काय आहे तिच्यात? हिचा आवाज आहे. मुलगी लहान असताना ही तिला गोष्टी सांगायची, त्या मी टेप करून ठेवल्या होत्या — राजा राक्षसाच्या दारात उभा, आणि मध्येच ही ओरडते, ‘अहो, दूध बघा!’ सगळ्या टेपांत मिळून मी एकदाच बोललोय — ‘गेलं ऊतू’ म्हणून. त्या सगळ्या बसून पेटीत भरल्या, मुलीला खातं उघडून दिलं — ती लांब असते, परदेशात — आणि विचारलं, ऐकलंस का गं? तेव्हा हा शेरा आला. आता शेरा आला की पूर्तता करायची, ही आमची शिस्त. रॅम घातली, कळवलं — तोच शेरा. केबल घातली, कळवलं — तोच शेरा. तेवढ्या निमित्तानं फोन तरी व्हायचा, ते सोडा.

झालं? एवढ्यात? धूळ उडवलीत, ती उष्णता ओढणारी पेस्ट लावलीत, झालं? आता तुमच्या मोबाईलवर, बाहेरच्या नेटवरून — अहो, मी चष्मा लावेपर्यंत उघडलं की! नको, आवाज नको, बंद करा. असू दे. आधीही फार मंद नव्हती म्हणता? मग तिकडेच कुठे अडतं? तिचं खातं बघता? बघा ना, बघा. काय लिहिलंय? वाचा तुम्हीच, एवढं बारीक मला दिसत नाही. शेवटचा प्रवेश — हं — कधीही नाही.

कधीही नाही म्हणजे, या महिन्यात ना?

अच्छा. पहिल्यापासूनच.

मग वेळ लागतो हे तिला कळलं कसं?

नाही, नाही, तुम्हाला नाही विचारलं. तुम्ही कशाला तोंड पाडता, पेटी तर चांगली केलीत. तिला कामं असतात हो. आणि आईचा आवाज एकदम कानावर — मी तरी काय, पहिली टेप लावायच्या आधी कितीदा मशीनपर्यंत जाऊन परत फिरलो — दुपारभर टेबल पुसत बसायचो, पुसायला काही नसताना. हे तिला कधी सांगितलं नाही. रॅमचं सांगितलं.

थांबा, एक मेसेज टाकतो, मग जा. वेगाचं काही लिहीत नाही आता. ‘मलाही एकट्याला ऐकवत नाही. फोनवर दोघं मिळून एक गोष्ट ऐकू या का?’ बरोबर आहे ना? ‘कृपया’ घालू? नको, मुलगीच आहे. गेला.

चहा? नको तर नको. पुढच्या महिन्यात कुणी यायची गरज नाही म्हणता — बरं, बरं, नाही बोलावणार. निघा तुम्ही, तुमची बाकीची घरं खोळंबली असतील. दार ओढून घ्या जाताना, कडी मी लावतो.

दारातून काय विचारता, उत्तर? नाही, नाही आलेलं. अर्ज प्रलंबित आहे.