फार्मसीच का?

माझे बाबा फार शांत आहेत म्हणता ना? मग ऐका. फार्मसीला जायचंय असं मी अकरावीत नुसतं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या कांदिवलीच्या घरात रोज जेवताना मुलाखत सुरू! बाबा वरण वाढता वाढता विचारायचे, "सांगा, फार्मसीच का?" मी म्हणायची, "लहानपणापासून मला औषधांबद्दल कुतूहल आहे, सर." उत्तर त्यांनीच लिहिलेलं. दोन वर्षं हेच चाललं.

मग अंधेरीच्या एका कॉलेजात खरी मुलाखत आली. पालकांनाही आत बसवलं. मॅडमनी मान वर न करता विचारलं, "फार्मसीच का?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारून खणखणीत आवाज आला, "लहानपणापासून मला औषधांबद्दल कुतूहल आहे, मॅडम!"

मॅडमनी चष्मा काढला. "तुमचं कळलं. हिचं काय?"

माझी वाट लागली ना यार! पाठ केलेलं उत्तर बाबांनीच वापरून टाकलेलं. मग जे खरं होतं तेच तोंडून निघालं. "मॅडम, आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेल्या गोळ्या साखरेसारख्या घरोघरी फिरतात. बाबांचं काही दुखलं की ते सरळ नाईककाकूंची गोळी घेतात. यांना कुणीतरी शिकून थांबवायला हवं."

मॅडम इतक्या हसल्या की ॲडमिशन तिथेच पक्की झाली.

परत येताना रिक्षात बाबा तोंड फिरवून बाहेर बघत बसले. मला वाटलं, चिडले. कांदिवलीच्या अलीकडे कपाळ दाबत म्हणाले, "टेन्शनने डोकं ठणकतंय गं. नाईकवहिनींना फोन लाव, ती गुलाबी गोळी शिल्लक आहे का विचार."