पूजेतली फ्लॉपी

...आणि वर ते पिळ्ळै म्हणतात, "तंबी, बाळा, घाम किती, पंखा लावू का?" पंखा! अहो, मुरलीकृष्णाचं हातचं काम निसटायला आलंय आणि ह्यांना पंखा सुचतोय!

तुम्हाला सांगतो, नव्याण्णव साल, सरस्वतीपूजेचा दिवस, ओरत्तनाडुची राइस मिल. पिळ्ळै तिचे मालक. आमच्या मुरलीनं त्यांना जावामध्ये प्रोग्राम लिहून दिलेला. अट एकच, संध्याकाळच्या पूजेआधी चालवून दाखव. एकदा पूजा झाली की कॉम्प्युटरला उद्यापर्यंत कुणी शिवायचं नाही, आणि उद्या तिरुच्चीची कंपनी तेच काम मागायला हजर!

मुरलीनं बटण दाबलं. आता डेटाबेसशी बोलणी करून देणारी एक फाइल असते, तिला ड्रायव्हर म्हणतात, प्रोग्राम तिला नावानं हाक मारतो. मारली. पडद्यावर काय? सापडत नाही! पुन्हा मारली. नाही! अहो, नावानं हाक मारली तर यायला नको? पण येणार कुठून? ड्रायव्हरची फ्लॉपी राहिली तंजावूरला, घरी!

पळवली मोपेड. घरी बघतो तर आईनं पुस्तकं, वीणा आणि... फ्लॉपी, सगळं पूजेत मांडून वर गंध-कुंकू!

"अय्यय्यो, शिवू नको रे कण्णा! अस्कं, अगदी सगळं, उद्या सकाळी!"

"आई, काम जाईल!"

"आणि विद्या गेली तर?"

आई सुंडलाचा, हरभऱ्याच्या उसळीचा, नैवेद्य आणायला आत वळली... आणि ह्यानं उचलली! मागून "मुरलीऽऽ! मुरलीऽऽ!" नावानं हाक मारली तर यायला नको? नाही आला. भीतीनं मान वळवायची हिंमत झाली नाही बिचाऱ्याची.

मिलमध्ये कापूर काढलेला, हार तयार. "थांबा!" म्हणत फ्लॉपी घातली. खर्र... खर्र... गंधाचा लपका आत! पिळ्ळै घड्याळाकडे बघतायत, पुजारी पिळ्ळैंकडे, मुरली कुणाकडेच नाही. उतरली एकदाची फाइल. डोळे मिटून हाक मारली... आणि आला हो! पोत्यांचा सगळा हिशेब पडद्यावर!

"काम तुझंच, तंबी!" म्हणत पिळ्ळैंनी कॉम्प्युटरला हार घातलासुद्धा.

पण फ्लॉपी? अडकली! ओढून निघेना, आणि आता तर शिवायचीही सोय नाही. घरी पोचला तर आई दारातच उभी.

"फ्लॉपी कुठंय?"

खोटं बोलायचं नाही, सणाचा दिवस...

"पूजेतच आहे, आई."