चिकटपट्टी लावलेला नकाशा

दादा त्या दिवशी मोटारसायकलवर एकटाच काहून गेला, हे मला कोणी सांगितलंच नाही. तो ठेकेदारांचे कागदी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचा, किती माती खोदावी लागेल ते काढून द्यायचा. तो अपघातात गेल्याच्या आठव्या दिवशी हट्टा गावचे ठेकेदार घरी आले.

“तलावाचा नकाशा जुळून न्हाई राहिला. कॉम्प्युटरवर विहिरीची खूण जागेवर बसली की बांधाची सरकते. आज अंदाजपत्रक द्यायचंय. तुझ्या दादानं घोळ केला,” ते आईसमोरच म्हणाले.

मी त्यांची कॉलरच धरणार होतो. तेवढ्यात त्यांच्या हातातला चिकटपट्टी लावलेला नकाशा दिसला.

“घोळ माझा हाय,” मी म्हणालो. “दादासंग भांडणात मी तो फाडला. मग त्याला न सांगता जोडला, एका तुकड्यावर दुसरा बोटभर चढवून.”

“बोटभर म्हंजी जमिनीवर किती, कळतं का लेका?”

“न्हाई.”

मी ब्लेडनं चिकटपट्टी सोडवली. दोन्ही तुकडे कडेला कड लावून दादाच्या स्कॅनरच्या काचेवर दाबून धरले. ठेकेदारांनी कॉम्प्युटरवर विहिरीची अन् बांधाची खूण लावली. दोन्ही बराबर बसल्या.

“नकाशाखाली करणाऱ्याचं म्हणून कोणाचं नाव टाकू?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना बाजूला सारलं आणि कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत दादाचं नाव टाकलं.