पत्ते वाटणारा डबा

आणि वर मलाच म्हणतो, ताई, कुणाला सांगू नकोस हं! आता तुम्हीच सांगा, असली गोष्ट पोटात राहते का? आमचा धाकटा भाऊ हो... डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळतो. ते चालतंय तोवर कुणी त्याला ओळखत नाही आणि बंद पडलं की सगळे त्याच्याकडे डोळे वटारून बघतात, ज्यांना दिसत नाही तेसुद्धा!

तर तुम्हाला सांगते, त्या सोमवारी सकाळी अर्धा दवाखानाच आंधळा. वरच्या मजल्यावर तपासणीचे फोटो निघतायत, खाली डॉक्टरांना दिसत नाहीत, काउंटरवर पावती फाटत नाही, रांग पार दाराबाहेर... हा लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यातच बसला. तारेतून जे जे जातं ते पकडून वाचायचं एक हत्यार असतं त्याच्याकडे, ते लावलं. त्यात म्हणे बारीक बारीक तुकडे दिसतात, पॅकेट म्हणतात त्यांना, आणि याचं ब्रीदवाक्य काय? माणूस खोटं बोलेल, पॅकेट खोटं बोलत नाही!

बरं, दिसलं काय? तर म्हणे कॉम्प्युटर चालू झाला की आधी हाक मारतो, ‘माझा पत्ता काय हो?’ आणि तो सर्व्हरने, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य कॉम्प्युटरने द्यायचा, अशी रीत. डीएचसीपी म्हणतात तिला. इथे सर्व्हरने तोंड उघडायच्या आत दुसराच कुणीतरी घाईघाईने पत्ते वाटत होता, आणि तेही चुकीचे. ज्याने त्याचं ऐकलं तो गेला भलत्याच गल्लीत. असे पत्ते घरचा वायफायचा डबाही वाटतो म्हणे, म्हणजे कुणीतरी तो आणून इथल्या तारेला जोडलाय.

इथवर ठीक होतं हो. पण काउंटरवरच्या मावशींनी आदल्या आठवड्यात याला सहज विचारलं होतं, घरचं वायफाय इथे आणलं तर चालेल का रे? झालं! तेवढ्यावर हा मॅनेजरबाईंना म्हणाला, मावशीच असणार. मावशी बिचाऱ्या शपथेवर सांगतायत की मी काही आणलं नाही, आणि हा काय म्हणतो?

“मावशी, पॅकेट खोटं बोलत नाही.”

अहो, पण पॅकेटने मावशींचं नाव घेतलं होतं कधी?

डब्याची एखादी वायर सापडते का म्हणून मॅनेजरबाईंनी त्यांना पर्स रिकामी करायला लावली. भर रांगेसमोर. चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, रुमाल, अर्धी खाल्लेली बिस्किटं... मावशींनी एकेक वस्तू परत आत ठेवली, चेन लावली. हा म्हणतो, ताई, तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं, पण एवढं बोलून बसल्यावर मागे कसा फिरू?

मग शोध. प्रत्येक डब्याला जन्मखुणेसारखा एक नंबर असतो, तो त्या पॅकेटांत दिसत होता. सगळ्या तारा जिथे येतात त्या पेटीला याने विचारलं, हा नंबर कुठल्या तारेवर आहे? पेटीने तार सांगितली. हा तारेमागे, मॅनेजरबाई याच्यामागे, त्यांच्यामागे हिशेबवाले दोघं, फुकटचा तमाशा कोण सोडतो? पॅसेज झाला, औषधांची खोली झाली, आणि वरात थांबली कुठे? याच्याच टेबलापाशी! खाली खोक्याआड घरचा जुना डबा, वर याच्या लेकीने चिकटवलेलं फुलपाखरू. शनिवारी तपासायला म्हणून आणला, तार लावली आणि विसरला.

मॅनेजरबाई शांतपणे म्हणाल्या, “खरंच हो, पॅकेट खोटं बोलत नाही.”

याला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण फरशी पक्की! गेला मग काउंटरवर, मान खाली घालून. चुकलो म्हणाला. मावशींनी पावती फाडता फाडता एवढंच विचारलं, “त्या डब्याला ठाऊक होतं का रे, आपण चुकीचे पत्ते देतोय ते?”

“नाही मावशी. त्याला वाटत होतं, आपण बरोबरच देतोय.”

“मग त्याच्यावर माझा राग नाही,” म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नंतर एकदा मावशींचाच कॉम्प्युटर अडला. हा धावत गेला, त्यांच्या टेबलाखाली शिरला. तार सैल झालेली, मिनिटाचं काम. आणि हा अर्धा तास तिथेच! मी विचारलं, अरे, एवढा वेळ करत काय होतास?

म्हणाला, “काही नाही गं ताई... वर मावशी होत्या. खाली बरं वाटत होतं.”