सप्तमीचा मुहूर्त

मी दत्तात्रय विष्णू सामंत, वय अठ्ठ्याहत्तर. ऐंशीच्या दशकात मार्वेच्या खाडीवर आम्ही कॅनो क्लब स्थापन केला. पहिली होडी पाण्यात उतरलेली पाहूनच बंदर खात्याचे साहेब आम्हाला शेडसाठी जागा देणार होते. मी पंचांग पाहून सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त काढला. त्या मिनिटाला नारळ फुटला. ओहोटी होती, होडी चिखलात रुतली.

टोपली घेऊन निघालेल्या हिराबाई कोळीण थांबल्या. "सामंत, भरती कवा ते बघितलंस नाय?"

"पंचांगात भरती दिलेली नसते."

"तिथी असते ना? तिच्यावरूनच आम्ही पाणी मोजतो. आज सप्तमी. आता खाडीत पाणी कुठलं रे?"

साहेब बूट हातात घेऊन मोटारीकडे गेले. जागा मिळाली नाही. त्यानंतर होडी हिराबाईंच्या अंगणात राहिली आणि क्लबचे मुहूर्त त्याच काढू लागल्या.